मातीचा खासगी बांध : धोक्याची प्रतवारी आणि मालकाचे काम

गणपतीपुळ्याच्या परिसरात पाऊस धो-धो कोसळतो, पण जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. म्हणून कोकणात कुणी बागेसाठी, कुणी लॉजसाठी पऱ्या (छोटा ओढा) अडवून मातीचा बांध घालतो. असा बांध किती सुरक्षित, हे पावसाळ्याआधीच पाहायला हवे.

प्रतवारी दोन, प्रश्न दोन

बांध फुटला तर खाली कुणाचे काय जाईल, हा पहिला प्रश्न. बांध आज किती धड आहे, हा दुसरा. धडधाकट बांधाखाली वस्ती असेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर गंभीरच राहते. शिवाय बांध तोच असला, तरी पायथ्याशी नवी घरे किंवा लॉज उभे राहिले की धोका वाढतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी पाहणीत सापडलेल्या उणिवांचे तीन प्रवर्ग करतात. पहिल्यातील उणिवांमुळे धरण फुटू शकते, दुसऱ्यातील उणिवा मोठ्या आणि लगेच दुरुस्त करण्याजोग्या, तर तिसऱ्यातील किरकोळ असतात.

कायदा कुठवर पोहोचतो

धरण सुरक्षा कायदा, २०२१ पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पूर यांसारख्या ठरावीक अटींपैकी एखादीत बसली तरच त्यात येतात. या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. मालक खासगी असला तरी सुटका नाही. त्याहून लहान बांध मात्र या चौकटीबाहेर राहतात. तिथे मालकानेच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे.

तिवरे काय शिकवते

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. भेंदवाडीतली घरे वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे दगावली. धरण सरकारी होते आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. गळती दिसणे पुरेसे नसते, त्यावर वेळेत काम व्हावे लागते.

काय पाहायचे

*पाझर :* मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतेच. ते काचेच्या बाटलीत भरून ठेवा. तळाशी माती बसली, तर बांध आतून पोखरला जात आहे.

*सांडवा :* साठा वाढवायला त्यावर फळ्या किंवा गोण्या लावू नका. सांडवा अडून माथ्यावरून पाणी गेले, तर मातीचा बांध काही तासांतही वाहून जाऊ शकतो.

*भराव :* खचलेला माथा, भेगा, घुशींची बिळे आणि मोठी झाडे यांची नोंद करा. झाड मेल्यावर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते.

गढूळ पाणी दिसले तर

आधी खालच्या वस्तीला सावध करा, मग तहसील कार्यालय आणि ग्रामपंचायतीला कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. पाणी उतरवायचे, पण अभियंत्याला विचारून. एकदम उपसले, तर ओला भराव आतल्या बाजूने घसरू शकतो.

पाणी आपल्या मालकीचे असले, तरी बांधाखालच्या माणसांचा जीव आपल्यावर सोपवलेला असतो. म्हणून मे महिन्यातच जाणत्या अभियंत्याकडून बांध तपासून घ्या आणि त्याचा लेखी अहवाल खालच्या घरांनाही दाखवा.