तरवड कोणता, कासविंदा कोणता?

गेवराई तालुक्यातला चकलांब्याचा मुलूख कोरडा. तरी माळावर, बांधावर पिवळी फुले दिसतात. तो तरवड. हे झुडूप आपल्या देशातलेच. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्याची साल कातडे कमावायला कामी येते.

पण पिवळे फूल दिसले की तरवडच, असे समजू नका. कासविंद्याचे फूलही पिवळेच. तो मूळचा अमेरिकेकडला. पावसाळ्यात उकिरड्यापाशी, वाटेच्या कडेला माजतो.

मग ओळखायचे कसे? आपण पान पाहू, मग शेंग पाहू.

तरवडाच्या देठावर बारीक पानांच्या ८ ते १२ जोड्या असतात. टोके बोथट. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन हिरवी पाने असतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ.

कासविंद्याच्या जोड्या थोड्या, ४ ते ६. पाने मोठी आणि टोकदार. चुरगळली की घाण वास येतो. शेंग लांब, किंचित वाकडी.

हे का शिकायचे? कासविंद्याचे बी पोरे खेळताखेळता खातात. ते विषारी असते. उत्तर प्रदेशात बिजनौरकडे लहान मुले एकाएकी आजारी पडून दगावत. कारण हेच बी, असे डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिले. त्याने काळीज, मेंदू आणि स्नायू बिघडतात.

म्हणून घराजवळचा कासविंदा शेंगा धरायच्या आत मुळासकट उपटू या. पोराने बी खाल्ले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. शेंग बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. माळावरचा तरवड मात्र राहू द्या.