देणाराची लाज

गेल्या दिवाळीच्या आधीं पंधरा-वीस दिवस खेडांत कॉलेजांत शिकणारीं पांच-सहा मुलेंमुली आमच्या दारीं आलीं. खोपीच्या बाजूस रघुवीर घाटाच्या पायथ्याशीं ज्या डोंगरवाड्या आहेत, तेथील शाळांतल्या लहान मुलांस दिवाळीची भेट पोंचविण्याचा त्यांचा संकल्प होता. वर्गणी, खरेदी, हिशेब सर्व तींच पाहणार. वडील माणसांचा त्यांत हात नाहीं. आमच्याकडे मागणें पैशाचें नव्हतें. "गुरुजी, पत्रकांत उद्देश म्हणून चार ओळी लिहून द्या," एवढेंच. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तरास चार ओळींचें काय मोठेंसें? उद्यां या, असें आम्हीं सांगितलें. आणि रात्रीं दहा वाजले तरी कागद कोराच!

मुलांस आनंद व्हावा, हा उद्देश कोणासही सुचेल. पण या आनंदाविषयीं एक कडू अनुभव आमच्या पदरीं आहे. तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत होतों, तेथें १५ ऑगस्टच्या समारंभांत गरीब मुलांस गणवेश वाटण्याची टूम आम्हींच काढली. वर्गणी आम्हीं जमविली, आणि 'गरीब व होतकरू' अशा मथळ्याखालीं नांवेंही आम्हींच मोठ्यानें वाचलीं. टाळ्या झाल्या. पुढें आठवडा लोटला तरी त्यांतील एक मुलगा जुन्याच, ढोंपराशीं फाटलेल्या चड्डींत येई. नवा गणवेश कां घालीत नाहींस, असें विचारतां तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, तो कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे."

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींत अध्ययन पुरें झालेल्या शिष्यास गुरु उपदेश करतो. त्यांत दान कसें करावें हें सांगतांना श्रद्धेबरोबर 'ह्री', म्हणजे लज्जा, हीही सांगितली आहे. वर्गांत हा भाग आला कीं लज्जा म्हणजे विनय, असा अर्थ सांगून आम्ही पुढें जात असूं. त्या मुलाच्या उत्तरानें मात्र अर्थ उलगडला. देण्याघेण्यांत लाज ही असतेच. ती देणारानें आपल्याकडे घेतली नाहीं, तर घेणाराच्या वांट्यास जाते. आणि हा उपदेश विद्यार्थ्यास केलेला आहे, हें विशेष.

घेणें म्हणजे काय, हें आम्हांस उतारवयांत समजलें. २२ जुलै २०२१ रोजीं जगबुडीचें पाणी खेडच्या बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां आमच्या घरांतही पुरुषभर पाणी होतें. भांडीं, अंथरुणें, तीन कपाटें पुस्तकें, सर्व चिखलांत. चौथ्या दिवशीं मदतीच्या रांगेंत उभे राहिलों, तों वाटप करणारांत आमचाच एक जुना विद्यार्थी! त्यानें ओळख दाखविली नाहीं. गांठोडें हातीं दिलें आणि दुसरीकडे पाहूं लागला. त्याचें हें न पाहणें आम्ही विसरलों नाहीं. गांठोड्यांत धुऊन इस्त्री केलेला एक सदरा होता, सारीं बटणें जागच्या जागीं. शेजाऱ्यांच्या वांट्यास मात्र उसवलेलीं लुगडीं आलीं. कोणाचें घर साफ होत होतें, कोण जाणे!

या बाबतींत आमच्या तालुक्यास दूर जावयास नको. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव मुरुड, पण जन्म खेड तालुक्यांतील शेरवलीचा, १८ एप्रिल १८५८ चा. त्यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें तो हिंगण्यास गेला. या संस्थेचा भाऊबीज फंड जुन्या घरांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवाळींत कार्यकर्त्या घरोघर जात, आणि गृहस्थ पावती घेऊन यथाशक्ति रक्कम देत. रक्कम लहान असे, पण नांव किती विचारपूर्वक योजिलेलें! ओवाळणी घेतल्यानें बहीण भिकारीण होत नाहीं. ती तिच्या हक्काची; उलट तबकांत घालायला कांहीं नसेल तर भावासच चोरट्यासारखें होतें. लाज योग्य जागीं ठेवण्याची ही युक्ति आम्हांस शंभर व्याख्यानांहून मोलाची वाटते.

दुसऱ्या दिवशीं मुलें आलीं, तेव्हां चार ओळींऐवजीं आम्हीं त्यांच्याशीं दोन घटका वादच घातला. त्यांच्या मोबाईलमध्यें मागील वर्षाचीं छायाचित्रें होतीं. पुडकीं छातीशीं धरून रांगेनें उभीं केलेलीं मुलें. हीं काढून टाका, असें आम्हीं म्हटलें. म्होरक्या कांहीं ऐकेना. "फोटो नसला तर देणगीदार पुढच्या वर्षीं पैसे देत नाहींत, गुरुजी!" हें खोटें नव्हे, आणि पोरांनीं हिशेब चोख दाखवावा हेंही खरें. दुकानाच्या पावत्या दाखवा, पुडक्यांचे ढीग दाखवा. मुलाचें तोंड कशाला? अखेर त्यांच्यांतली एक मुलगी म्हणाली कीं, चौथींत असतांना आपलाही असा फोटो निघाला होता, आणि तो अजून कुणाच्या तरी मोबाईलमध्यें असेल. यावर म्होरक्या गप्प झाला.

पत्रकांतून 'गरजू' हा शब्द गेला. उद्देशाची जागा रिकामीच राहिली, कारण आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. मात्र प्रत्येक मुलास काय हवें तें आधीं शाळेंत विचारून, यादी करून, एकेक चिठ्ठी एकेका घरीं द्यावी, असें ठरलें. आम्हीं वही किंवा कंपासपेटी धरून चाललों होतों. आमच्या वांट्यास आलेल्या चिठ्ठींत तिसरीच्या एका मुलीनें क्रिकेटची बॅट लिहिली होती, आणि खालीं, 'प्लास्टिकची नको'. या विषयांत आमचें ज्ञान शून्य. म्हणून नातवास बरोबर घेऊन बाजारांत जावें लागलें.