मोडलेली छडी

जादूगार निवर्तला की त्याचे सहकारी त्याची छडी सर्वांसमक्ष मोडतात. ही प्रथा हॅरी हुदिनी यांच्या अंत्यविधीपासून रूढ झाली, असे मानतात. बेड्या-कुलुपांतून सुटण्याच्या प्रयोगांनी जगभर गाजलेले हुदिनी ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइट येथे वयाच्या ५२ व्या वर्षी वारले. ते ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ या संस्थेचे अध्यक्ष होते. न्यूयॉर्क येथील अंत्यविधीत तिच्या सभासदांनी छडी मोडून आपल्या मित्राला निरोप दिला.

आपल्याला हे कठोर वाटेल. वडिलांची लेखणी, चष्मा आपण पेढीवर आदराने जपतो. मात्र छडीचे सामर्थ्य त्या एका हातात होते आणि तो हात आता नाही, एवढेच ते मित्र मान्य करतात. हुदिनींचे साहित्य पुढे त्यांचे बंधू हार्डीन यांच्याकडे आले व त्यांनी प्रयोग चालू ठेवले.

आपल्याकडेही दुकान चार दिवसांत उघडते आणि ते योग्यच आहे. परंतु शोकाकुल मित्राला ‘आता कामाला लागा’ असे सांगण्यापूर्वी गेलेल्या माणसाविषयी चार शब्द त्याच्याजवळ बसून बोलावेत. व्यवहार दुसरा कोणी सांभाळील. त्या माणसाची उणीव मात्र राहणारच.