ऑक्सिडीकारक ताण आणि संकरित गायींचे आरोग्य : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत पश्चिमेकडे डोंगराळ भातपट्टा, तर पूर्वेकडे बागायती प्रदेश आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांच्या पाण्यावर पूर्व भागात ऊस व भाजीपाल्याच्या जोडीने संकरित गायींचा दुग्धव्यवसाय स्थिरावला. दूध वाढले, त्याबरोबर वार अडकणे, कासदाह (दगडी) व गाय वारंवार उलटणे या तक्रारीही गोठ्यांतून ऐकू येऊ लागल्या. त्यांची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सहसा दुर्लक्षित राहणारे एक कारण म्हणजे ऑक्सिडीकारक ताण होय.

संकल्पना व कार्यपद्धती

पेशीत ऊर्जा निर्माण होत असताना ऑक्सिजनच्या अल्प अंशापासून अतिक्रियाशील मुक्त मूलके तयार होतात. ती पेशीपटलातील मेद, प्रथिने व डीएनए यांना इजा करतात. त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणाही शरीरात असते. जीवनसत्त्व ई पेशीपटलाचे रक्षण करते, तर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर सेलेनियमच्या साहाय्याने पेरॉक्साइडांचे विघटन करते. सेलेनियमचे हे कार्य १९७३ मध्ये उघड झाले. मूलकांची निर्मिती या संरक्षणशक्तीपेक्षा वाढली की जी अवस्था उद्भवते, तिला हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडीकारक ताण असे नाव दिले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. मुक्त मूलके केवळ घातक नसतात. कासेत जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि याच मूलकांचा मारा करून नष्ट करतात. परंतु संरक्षण अपुरे असल्यास तोच मारा त्या पेशींवर उलटतो, त्या लवकर मरतात आणि जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणूनच कासदाहाचा विचार केवळ गोठ्याच्या स्वच्छतेपुरता मर्यादित ठेवणे अपुरे ठरते. जीवनसत्त्व ई व सेलेनियम यांच्या पुरवठ्याने कासदाहाचे प्रमाण व कालावधी घटतो, असे अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी १९८४ मध्ये दाखविले.

विण्यापूर्वीचे व नंतरचे प्रत्येकी तीन आठवडे सर्वांत नाजूक असतात. या काळात गाय खाते कमी आणि दुधासाठी अंगची चरबी वापरते. यकृतावर भार पडून मूलकांची निर्मिती वाढते.

स्थानिक परिस्थिती

उन्हाळ्यात हिरवा चारा आटतो व कडब्यावर भिस्त राहते. उन्हात वाळलेल्या चाऱ्यात कॅरोटीन व जीवनसत्त्व ई फारच कमी उरते. त्यात उष्म्याची भर पडते. तापमान व आर्द्रता यांचा निर्देशांक ७२ च्या पुढे गेला की होल्स्टीन रक्ताच्या गायीला ताण जाणवू लागतो. दिवसा साठलेली उष्णता रात्रीच्या गारव्यात बाहेर टाकणे हाच तिचा खरा विसावा. मात्र या तालुक्यांत बिबट्याच्या भीतीपोटी गोठा चोहोबाजूंनी बंद केला, तर तो विसावाही हिरावला जातो. पशुपालकाची भीती अनाठायी नाही. तथापि भिंतीऐवजी वरपर्यंत मजबूत जाळी बसविल्यास संरक्षण व वायुवीजन दोन्ही साधते.

उपाययोजना

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ च्या शिफारशीनुसार आटवलेल्या गाभण गायीस शेवटचे ६० दिवस प्रतिकिलो वजनामागे १.६ एकक जीवनसत्त्व ई रोज मिळावे, म्हणजे ५०० किलोच्या गायीस सुमारे ८०० एकक. परंतु दूध देत नसलेल्या गायीवर खर्च करण्यास हात आखडतो, आणि नेमके तेथेच नुकसान होते. लसूणघास किंवा इतर ताजी वैरण याच गायींना प्रथम द्यावी, दिवसा सावली व मुबलक पाणी असावे.

सेलेनियमबाबत मात्र घाई नको. कोरड्या खाद्यात त्याची गरज प्रतिकिलो सुमारे ०.३ मिलिग्रॅम इतकीच असून जादा मात्रा विषारी ठरते. खनिज मिश्रणात ते किती आहे हे पिशवीवर वाचूनच, व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वेगळे इंजेक्शन द्यावे की नाही हे ठरवावे.