पिकअपचा वारा काचेवर का येत नाही?

या अंकात खोडव्याविषयी लिहायचे ठरले होते. पण पावसाळा तोंडावर आला आहे आणि आपल्या सभासदांच्या दारात जुन्या पिकअप पुष्कळ. भाजीपाला, बेणे, खते, सगळे त्यांतूनच जाते. तेव्हा आधी हा विषय घेतो. खोडवा काही पळून जात नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये आम्ही आमच्या गटातील एका वडीलधाऱ्या सभासदांबरोबर पनवेलजवळ करंजाडे येथे गेलो होतो. त्यांचे चिरंजीव तेथे सिडकोच्या वसाहतीत राहतात. रात्री बोरघाट उतरताना पाऊस असा लागला, की काच आतून दुधासारखी पांढरी झाली. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फडके. पुढे कंटेनर आहे की कठडा, कळेना. वारा काचेवर वळवायचा लिव्हर शेवटपर्यंत सारला, तरी सगळा वारा पायांवरच. एका गॅरेजने त्यांना आधीच सांगितले होते, ‘तात्या, सगळा डॅशबोर्ड उघडावा लागेल, चार दिवस गाडी सोडा.’

सकाळी सोसायटीच्या फाटकाशी गाडी लावून आम्ही क्रमाने पाहत गेलो. पहिला पंखा. ब्लोअर मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. फक्त शेवटच्या नंबरावर फिरत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. येथे पंखा सर्व नंबरांवर ठणठणीत होता. म्हणजे पाटाला पाणी आहे, पण दारे भलत्याच सरीला मोडले आहे.

डॅशबोर्डच्या मागे एक खोके असते, त्यात झडपा असतात. लिव्हर आणि झडप यांच्यामध्ये सायकलच्या ब्रेकसारखी तार, वर आवरण. हे आवरण एका छोट्या क्लिपने खोक्याला घट्ट धरलेले असते. क्लिप निसटली की तार झडपेला ढकलत नाही, आवरणच मागे-पुढे हलत बसते.

लिव्हर हाताला कसा लागतो, यावरून निम्मे निदान होते. जड लागला तर तार गंजली किंवा झडप अडकली समजावे. जोर करू नये, प्लॅस्टिक मोडते. अगदीच हलका लागला तर तार सुटली, तुटली किंवा क्लिप गेली. तात्यांचा लिव्हर लोण्यासारखा सरकत होता. डाव्या बाजूचा खण काढून आम्ही बॅटरी मारली, चिरंजीवांना लिव्हर हलवायला सांगितले. आवरण सापासारखे वळवळतेय, झडप जागची हलत नाही! बोटाने झडपेचा दांडा ढकलला आणि वारा काचेवर भरभरून आला. झडप शाबूत. क्लिप खाली पायपुसण्यात सापडली. लिव्हर आणि झडप दोन्ही एकाच टोकाला नेऊन मगच क्लिप बसवायची, नाहीतर झडप अर्धवट मिटते. खर्च शून्य, डॅशबोर्डला हात लावावा लागला नाही.

काही गाड्यांत तारेऐवजी व्हॅक्यूमची बारीक नळी असते. तिथे फुसफुस आवाज ऐकावा, नळी तडकली आहे का पाहावी. त्याच सुमारास ब्रेकचे पॅडलही जड झाले असेल, तर गाडी अजिबात रस्त्यावर काढू नये. ब्रेकच्या बूस्टरलाही तोच व्हॅक्यूम लागतो.

आणखी एक. धुके आतून की बाहेरून, हे बोट फिरवून पाहावे. कोकणच्या दमट हवेत एसीचा गार वारा काचेवर सोडला तर बाहेरूनही दव धरते, ते वायपरने जाते. आतले दव आपल्या श्वासाचे व ओल्या कपड्यांचे. त्याला बाहेरची हवा घ्यावी लागते. ‘आतलीच हवा’ वर लिव्हर राहिला तर ओल कोंडून बसते. ही बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून येते. फडात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत आम्ही मूठ-मूठभर पाचट पाहिले आहे. ते कुजून पाण्याची वाट तुंबवते, मग पाणी थेट पायाशी उतरते. पहिल्या पावसाआधी जाळी हाताने साफ करून वरून तांब्याभर पाणी ओतावे. ते गाडीखाली पडले पाहिजे.