तिफणीखालची लाल रेघ

शेतीवरचा मजकूर लिब्रेऑफिस रायटरमध्ये तपासायला घेतला की 'तिफण'खाली लाल नागमोडी रेघ येते. राइट क्लिक करून शब्द कोशात टाकला की ती जाते. पुढच्याच ओळीत 'तिफणीने', पुन्हा रेघ. मग 'तिफणीला', 'तिफणीच्या', 'तिफणीवरची'. मराठी नामाला प्रत्यय चिकटणारच. एकेक रूप कोशात भरत बसणे म्हणजे चाळणीने पाणी भरणे.

यावरची सोय २०१८मध्ये, लिब्रेऑफिस ६.०पासून आली, पण ठेवली आहे अगदी आडबाजूला. ऑप्शन्समधल्या 'रायटिंग एड्स'मध्ये जाऊन नवा कोश करायचा आणि त्याची भाषा मराठी निवडायची. सर्व भाषांसाठीच्या कोशात पुढचा रकाना दिसतच नाही. मराठी कोश 'एडिट'ला घेतला की शब्दाशेजारी 'ग्रामर बाय' दिसते. तिथे 'भिंत' लिहायचे. मग भिंत जशी चालते तशी तिफण चालते: भिंतीने, तिफणीने. अट एवढीच, की मूळ तपासणीकोशात 'भिंत'ला प्रत्ययांचे नियम जोडलेले हवेत. नमुना निवडायला मात्र मराठीचा कान लागतो. 'वाट' दिलीत तर 'तिफणेने' बिनबोभाट पास होईल. 'पाभर' भिंतीसारखी चालते, 'कुळव' दगडासारखा. (यामागचे 'हनस्पेल' मुळात हंगेरियनसाठी लिहिले गेले. तीही प्रत्ययांनी लगडलेली भाषा, म्हणून ते आपल्याला मानवते.)

दुसरी सोय अपवादकोशाची. माझ्या मते हीच जास्त मोलाची. कापसावरच्या लेखात 'सूत'ऐवजी 'सुत' पडले, तर तपासनीस गप्प बसू शकतो, कारण पुत्र या अर्थी तो शब्द शुद्धच आहे. अपवादकोशात 'सुत' घालून बदली शब्द 'सूत' दिला की रेघ उमटते.

आणि 'शेतकऱ्याला'? त्यातला 'ऱ्या' वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगवेगळ्या युनिकोड चिन्हांनी बनतो. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. एक रूप कोशात असूनही दुसऱ्याखाली रेघ येऊ शकते. अशा वेळी शब्द पुन्हा भरू नका. आधी सगळ्या मजकुरात 'फाइंड अँड रिप्लेस'ने एकच रूप करून घ्या.

आपण केलेला कोश म्हणजे प्रोफाइलमधल्या 'वर्डबुक' फोल्डरातली साधी मजकूर फाइल असते. कॉम्प्युटर फॉर्मॅट करण्याआधी ती तेवढी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.