पाळी चुकली, हे कुणी ठरवायचे?

मराठीत ‘दिवस गेले’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. ‘पाळी चुकली’ या शब्दांतही बहुधा तोच अर्थ दडलेला असतो. महिन्याच्या महिन्याला, ठरल्या वेळी येणारी पाळी गृहीत धरूनच ही भाषा घडली. पण जिची पाळी मुळातच ४०, ६०, कधी ९० दिवसांनी येते, तिची ‘चुकली’ हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न मला माझ्या भाचीने विचारला. पंचविशीतली, नोकरी करणारी मुलगी. पीसीओएस हा बीजांडकोशांचा विकार तिला कॉलेजपासून. निरोध फाटला, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिने तातडीची गोळी घेतली आणि पुढे पाच आठवडे पाळीचा पत्ता नाही. आईजवळ बोलायची सोय नव्हती, म्हणून मावशीला फोन. माझी हयात बँकेच्या खतावण्यांत गेली, उरलेली कादंबऱ्यांत; मी काही डॉक्टर नव्हे. तिच्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, विचारले, वाचले. अशी भाची आज पुष्कळ घरांत आहे, म्हणून हे लिहिते.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले. सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजांडे धारण करणाऱ्या त्या पुटिका. बीजांड वेळेवर बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. ‘तुला मूल होणं कठीण’ असे अशा मुलींना लोक फार लवकर ऐकवतात. त्यातून गर्भनिरोधनाची गरजच नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. बीजांड उशिरा येते, पण येते. आणि कधी येईल याचा नेम नसतो.

भारतात २००५ पासून चिठ्ठीविना मिळणारी ही गोळी म्हणजे १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. बीजांड बाहेर पडणे ती लांबवते; तिने गर्भपात होत नाही. पाळी नियमित असलेल्या बाईचीही त्या महिन्याची तारीख आठवडाभर पुढेमागे होऊ शकते. इथे विकाराचा उशीर आणि गोळीचा उशीर एकाच खात्यावर जमा होतात, आणि कोणता कुणाचा हे सांगता येत नाही. गोळीनंतर मध्येच थोडे डाग पडले, तर ती पाळीही नव्हे आणि गोळी लागू पडल्याचा पुरावाही नव्हे.

ज्या ठेवीवर मुदतीची तारीखच नाही, तिची मुदत टळली असे कोणी म्हणत नाही. म्हणून तारीख पाळीची धरू नये, संबंधाची धरावी. त्या दिवसापासून २१ दिवस मोजून घरीच लघवीची तपासणी करावी. मधल्या काळात पुन्हा असुरक्षित संबंध आला नसेल, तर नकारार्थी उत्तरावर विसंबता येते. पाळी ‘आणण्यासाठी’ तीच गोळी पुन्हा घेणे व्यर्थ; ती त्यासाठी नाहीच. तीन-तीन महिने पाळी आली नाही, तर मात्र डॉक्टरांकडे जावे, कारण गर्भाशयाचे अस्तर साचत राहणे चांगले नाही. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखले, तर त्याच दिवशी जावे.

उत्तर होकारार्थी आले, तरी आकाश कोसळत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आता गर्भनिरोधक फसल्याचे कारण अविवाहितेलाही सांगता येते, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, आणि नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

भाचीची तपासणी नकारार्थी आली. पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी. पण त्या पाच आठवड्यांत तिने रोज रात्री जे भोगले, त्यावर औषध दुकानात मिळत नाही. ते घरातच मिळायला हवे. मुलीची पाळी लांबली, तर ‘काय केलंस?’ याआधी ‘बरी आहेस ना?’ एवढे विचारायला आपण शिकलो, तरी पुष्कळ झाले.